पहिली दोन वर्षे : बाळाची वाढ आणि घराची जबाबदारी

दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरामधील २३३ वी आयत आपल्याकडे बहुधा तलाकच्या प्रसंगी आठवली जाते. पती-पत्नी विभक्त झाले, तर तान्ह्या बाळाच्या दुधाचे काय, हा प्रश्न त्या आयतीच्या संदर्भात आहेच. परंतु नांदत्या घरातील आईबापांनीही ही आयत शांतपणे वाचावी, इतके तिच्यात त्यांच्यासाठी आहे. आयतीचा आशय असा : ज्यांना स्तनपानाची मुदत पूर्ण करावयाची आहे, त्यांच्यासाठी ती मुदत पूर्ण दोन वर्षांची आहे. या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे वडिलांवर आहे. कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे भार टाकू नये. बाळाच्या निमित्ताने आईला पिडू नये व बापालाही पिडू नये. वडील हयात नसतील, तर हीच जबाबदारी वारसाकडे जाते. दूध तोडावयाचे असेल, तर ते दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने तोडावे. दाई ठेवावयाची असेल, तर तिचा मोबदला चोख द्यावा.

एका तान्ह्या बाळाच्या पोषणासाठी अल्लाहने किती माणसांना उत्तरदायी धरले आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आई, बाप, वारस व दाई या सर्वांची नोंद एकाच आयतीत आहे. बाळाचे पोट ही एकट्या आईची बाब नाही, हा या आयतीचा पहिला धडा होय. आपल्या पेण व रोहा तालुक्यांतील जीवन समोर ठेवून हाच धडा या लेखात अभ्यासावयाचा आहे.

तीस महिने

सूरह लुकमानच्या १४ व्या आयतीत दूध तुटण्याचा काळ दोन वर्षांत सांगितला आहे. सूरह अल-अहकाफच्या १५ व्या आयतीत गर्भारपण व दूध तुटणे मिळून तीस महिने सांगितले आहेत. दोन्ही ठिकाणी आईने सोसलेल्या कष्टांचा उल्लेख आहे आणि तो ऐकवला आहे मोठ्या झालेल्या अपत्याला, म्हणजे तुम्हा-आम्हाला.

बालवैद्यकशास्त्रही या काळाला अत्यंत महत्त्व देते. गर्भारपणाचे सुमारे २७० दिवस व त्यानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हजार दिवस होतात. निरोगी बाळाचे जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाअखेरीस तिप्पट होते. जन्मवेळी सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी पहिल्या वर्षात ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचते. पुढे आयुष्यात शरीर पुन्हा कधीही या वेगाने वाढत नाही. मेंदूच्या वाढीचा फार मोठा भागही याच काळात उरकतो. या दिवसांत उपासमार झाली, वारंवार जुलाब झाले, रक्त कमी राहिले, तर उंची खुंटते. खुंटलेली उंची पुढे पूर्णपणे भरून काढणे कठीण असते. शाळेत गेल्यावर चांगले खाऊ घालू, असे म्हणणाऱ्याने पेरणीचा पाऊस वाया घालवून कापणीची तयारी करावी, तसे हे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांत सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. सुमारे ३६ मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील शंभरांत सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आहे. हे आकडे दुष्काळातल्या एखाद्या दूर देशाचे नाहीत. ज्या राज्यात आपण राहतो, त्याचे आहेत.

गाव बरे की शहर?

आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. काहींच्या मते गावची हवा, ताजी मासळी व घरचा तांदूळ यांवर मूल आपोआप वाढते. इतरांच्या मते शहरात डॉक्टर जवळ, औषध जवळ, म्हणून मूल तिथेच सुरक्षित. पेण व रोहा येथे दोन्ही जग एकमेकांना खेटून उभी आहेत. पेण शहर मुंबई-गोवा महामार्गावर वसले आहे आणि गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखले जाते. त्याच तालुक्याच्या एका बाजूला खारेपाटातील गावे आहेत आणि दुसऱ्या बाजूला डोंगरात कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. रोह्यात कुंडलिकेच्या काठी रोहा-अष्टमी ही जुनी वस्ती आहे आणि शेजारीच धाटाव औद्योगिक वसाहत. एका घरातील एक भाऊ भातशेती करतो, दुसरा धाटावला पाळीत कामाला जातो आणि तिसरा पनवेल किंवा मुंब्र्याला भाड्याच्या खोलीत संसार थाटतो. तिघांच्या घरी तान्ही मुले असतात.

या तिन्ही घरांतील अडचणी वेगवेगळ्या आहेत. खारेपाटात खारे पाणी हीच मोठी परीक्षा आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे व त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत पोचते, मात्र खारेपाटातील कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी तुटपुंजे असले की हात कमी धुतले जातात, भांडी कमी विसळली जातात आणि त्याचा पहिला फटका घरातील सर्वांत लहान पोटाला बसतो. डोंगरवाड्यांतील कित्येक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर जातात. त्यांची मुले गावच्या अंगणवाडीपासून कित्येक महिने तुटतात. शहरातील भाड्याच्या खोलीत नळ व दवाखाना जवळ असतो. पण तिथे आई एकटी असते, दादी-नानी जवळ नसतात, अंगण नसते आणि बिस्किटांचा पुडा हाताच्या अंतरावर असतो.

सर्वेक्षणातील राज्याचे आकडेही हेच सांगतात. उंची खुंटलेल्या मुलांच्या प्रमाणात शहर व ग्रामीण भागात पूर्वी मोठी दरी होती. अलीकडच्या फेरीत ती फार अरुंद झालेली दिसते. शहरात राहिल्याने मूल आपोआप वाढत नाही आणि गावात राहिल्यानेही नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बालपणातही नगर व ग्राम या दोहोंचा वाटा आहे. मक्केतील कुलीन घराणी आपली तान्ही मुले वाळवंटातील टोळ्यांकडे दूध पाजण्यासाठी पाठवीत. मोकळी हवा, रोगराईपासून अंतर व शुद्ध अरबी भाषा हे त्यामागील हेतू सांगितले जातात. बनू सअद टोळीच्या हजरत हलीमा (रजि.) यांच्याकडे प्रेषितांची (स.) सुरुवातीची वर्षे गेली. सीरतग्रंथांनुसार ते वर्ष दुष्काळाचे होते व हलीमांचे घर गरीब होते. मुबलक संपत्ती त्या घरात नव्हती. दूध होते, मोकळे आकाश होते, मायेची माणसे होती व कानावर पडणारी सुंदर भाषा होती. बाळाच्या वाढीला लागणाऱ्या गोष्टींची ही यादी आजही जवळपास तशीच आहे.

जन्माआधीचे ताट

बाळाची वाढ आईच्या ताटापासून सुरू होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचा समावेश अधिक वेळा होता, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. पुढे मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून दुसरा अभ्यास झाला. त्यात स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध वापरून केलेला खाऊ रोज देण्यात आला. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे जन्मवजन काहीसे अधिक भरले. एक अभ्यास खेड्यातला आणि दुसरा महानगरातला. दोहोंचा बोध एकच की, आईला काय वाढले जाते यावर बाळाचे वजन अवलंबून असते आणि ही काळजी दिवस गेल्यावर सुरू करणे म्हणजे थोडा उशीरच होय.

आपल्या किती घरांत सर्वांचे जेवण झाल्यावर सुना जेवतात? कालवणातले मासे संपले की रस्सा उरतो आणि तो कोणाच्या वाट्याला येतो? त्याच सर्वेक्षणानुसार राज्यात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत तर विभक्त झालेल्या गर्भवती पत्नीवरही प्रसूतीपर्यंत खर्च करण्याची आज्ञा आहे. मग जी घरात नांदते आहे, तिच्या ताटाविषयी आपण किती जागरूक असावयास हवे!

रमजानच्या बाबतीतही स्पष्टता हवी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या अथवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल, तर रोजा न ठेवण्याची सवलत शरीअतने दिली आहे. तिर्मिजी व नसाई यांच्या हदीससंग्रहांत या सवलतीचा आधार आहे. राहिलेल्या रोजांची भरपाई कशी करावी, हे आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. परंतु ही सवलत घेणाऱ्या सुनेकडे सासरच्या माणसांनी डोळे वटारून पाहू नये. अल्लाहने दिलेली सूट काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कोवळ्या वयातील मुलीचे लग्न लावून दिले, तर तिचे स्वतःचे शरीर वाढत असतानाच तिला दुसरा जीव वाढवावा लागतो. त्यात दोघांचीही वाढ खुरटते. कायद्याने १८ वर्षांची अट घातली आहे. मुलीच्या हिताचा विचार करणाऱ्या पालकाला ती जाचक वाटण्याचे कारण नाही.

पहिला तास आणि पहिले सहा महिने

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीचे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, काही घरांत अजूनही पिळून टाकले जाते. रोगांपासून बाळाचे रक्षण करणारे घटक त्यात भरपूर असतात. ते टाकणे म्हणजे अल्लाहने धाडलेली पहिली शिदोरी उकिरड्यावर टाकणे होय. पुढे सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. पाणीसुद्धा देऊ नये. कोकणच्या उन्हाळ्यातही त्या दुधातील पाणी बाळाला पुरते.

येथे तहनीकचा प्रश्न येतो. मऊ केलेल्या खजुराचा किंचित अंश नवजात बाळाच्या टाळूला लावणे ही सुन्नत आहे. ती निरोगी माणसाने स्वच्छ हातांनी पार पाडावी आणि तिच्यासाठी पहिले स्तनपान लांबवू नये. मध मात्र एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला देऊ नये. मधात क्वचित असे जीवाणूंचे बीज असते, जे मोठ्यांना बाधत नाही, पण तान्ह्या बाळाला गंभीर आजार करू शकते. कुरआनने मधात आरोग्य सांगितले आहे, हे खरेच. परंतु कोणते औषध कोणत्या वयाला द्यावे, याचा विचार करणे त्या शिकवणीच्या विरोधात जात नाही. जन्मघुट्टी, साखरेचे पाणी व गाईचे पातळ केलेले दूध यांचीही या काळात गरज नसते. दुधाच्या बाटल्या व शिशु-दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. बाटली नीट उकळली गेली नाही, तर ती जुलाबाला आमंत्रण देते. जेथे पाणीच टँकरचे, तेथे हा धोका दुपटीचा.

वैद्यकीय कारणाने एखाद्या आईला दूध पाजणे अशक्य असेल, तर तिला अपराधी ठरवू नये. आयतीनेच अशा वेळी दुसऱ्या मार्गाची मुभा दिली आहे. तो मार्ग डॉक्टरांना विचारून ठरवावा.

हजरत उमर (रजि.) यांची रात्र

इब्ने सअद यांच्या इतिहासग्रंथात एक प्रसंग नोंदवलेला आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरला होता. त्याच्या राखणीसाठी हजरत उमर (रजि.) हे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासह रात्री तेथे थांबले. एका बाळाचे रडणे त्यांच्या कानी आले. त्यांनी आईला बाळाकडे लक्ष देण्यास सांगितले. रडणे थांबेना. तीनदा असे झाले. शेवटी त्या आईने, समोर खलीफा आहेत हे न ओळखता, सांगितले की ती बाळाचे दूध तोडू पाहते आहे व बाळ ते मानत नाही. एवढी घाई का, असे विचारल्यावर ती म्हणाली की उमर दूध तुटलेल्या मुलांनाच वृत्ती देतात. बाळ अवघ्या काही महिन्यांचे होते. त्या पहाटे फज्रच्या नमाजात हजरत उमर (रजि.) यांना रडू आवरेना. कुरआनपठण लोकांना नीट ऐकूही येईना. नमाजनंतर त्यांनी जाहीर केले की कोणीही दूध तोडण्याची घाई करू नये, यापुढे प्रत्येक बाळाला जन्मापासूनच वृत्ती मिळेल. हाच हुकूम सर्व प्रांतांत धाडण्यात आला.

या प्रसंगातील बारकावा पाहावा. हजरत उमर (रजि.) यांनी त्या गरीब आईला दोष दिला नाही. ज्या नियमामुळे तिला दूध तोडणे भाग पडत होते, तो नियम त्यांनी बदलला. आज धाटावच्या रस्त्यावर किंवा वीटभट्टीवर कामाला जाणारी आई बाळाला घरी ठेवून जाते, तेव्हा तिला स्तनपानावर व्याख्यान देणे सोपे असते. तिला घरी थांबता येईल किंवा बाळ जवळ ठेवता येईल, अशी व्यवस्था करणे कठीण असते. सुन्नत-ए-उमर त्या कठीण कामात आहे.

शासनाने काही व्यवस्था केलेली आहे. तिची माहिती असणे हाही आपल्या कर्तव्याचा भाग आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पात्र मातेला ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळण्याचा हक्क आहे. ही खैरात नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या मोहल्ल्यातील काही घरे संकोचाने किंवा प्रतिष्ठेपायी अंगणवाडीत नाव नोंदवीत नाहीत. त्या प्रतिष्ठेची किंमत बाळ मोजते.

सहा महिन्यांनंतर : पातळ पेजेचा घोटाळा

सहा महिने झाले की केवळ दूध पुरत नाही. बाळाने आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठाही या सुमारास ओसरू लागतो. नेमक्या याच वेळी आपल्याकडची बहुतेक बाळे मागे पडतात. सर्वेक्षणानुसार राज्यात सहा ते तेवीस महिन्यांच्या दहा बाळांपैकी जेमतेम एकाला पुरेसा आहार मिळतो. यातील सर्वच घरे गरीब नाहीत. अन्न घरात असते, बाळाच्या वाटीत पोचत नाही.

आपल्या भागात बाळाला भाताची पातळ पेज किंवा डाळीचे वरचे पाणी देतात. बाळाचे पोट छोटे असते. ते पाण्याने भरले की भूक मरते व अंगाला काहीच लागत नाही. अन्न चमच्यावरून सहज ओघळणार नाही, इतके घट्ट असावे. मऊ भात वरणासह कुस्करून त्यात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. सोललेल्या वालाचे मऊ शिजवलेले बिरडे, नाचणीचे सत्त्व, अंडे, काटे काळजीपूर्वक काढलेली मासळी, कुस्करलेले केळे, पपई व पालेभाजी हे सारे आपल्या अंगणात, शेतात व बाजारात मिळते. सुकी मासळी द्यावयाची, तर खारटपणा धुवून, बारीक करून अगदी थोडी द्यावी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवू घालावे. भूक पाहून मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

चहात बुडविलेले बिस्किट हा गाव आणि शहर दोहोंकडचा रोग आहे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो आणि बिस्किटाने फक्त भूक मोडते. तळलेल्या कुरकुरीत पदार्थांची रंगीत पाकिटे आता डोंगरवाडीच्या टपरीवरही लटकलेली दिसतात. पाच रुपयांचे पाकीट घेणाऱ्याला त्याच सुमाराच्या पैशांत केळे किंवा अंडे घेता येते.

मुलगा व मुलगी यांच्या वाटीतही फरक नको. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या देणगीला साक्षीदार राहण्याचे नाकारले आणि अपत्यांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. देणगीबाबत जर इतकी कडक ताकीद, तर घासाबाबत किती!

जुलाब, ताप आणि लस

चांगले खाल्लेले अन्न वारंवारच्या जुलाबांनी वाहून जाते. पवित्रता हा आपल्या धर्माचा पाया आहे. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्या घराला हात धुण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. तरीही बाळाला भरविण्यापूर्वी आणि त्याची शी काढल्यानंतर साबणाने हात धुणे राहून जाते. खारेपाटात पाणी कमी असताना पिण्याचे व बाळाच्या वाटी-चमच्याचे पाणी वेगळे, झाकलेले व उकळलेले ठेवावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी सुरू करावी, झिंकच्या गोळ्या सांगितलेले पूर्ण दिवस द्याव्यात, आणि दूध व अन्न बंद करू नये. आजारातून उठलेल्या बाळाला काही दिवस एक जेवण अधिक द्यावे. लसीकरणाच्या तारखा टाळू नयेत. रोगावर इलाज करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे आणि रोग येण्याआधीच केलेला इलाज हा त्यातील उत्तम भाग होय.

बोलणे, खेळणे, कुशीत घेणे

मूल केवळ अन्नाने वाढत नाही. अकरा बिन हाबिस यांनी प्रेषितांना (स.) नातू हसन (रजि.) यांचे चुंबन घेताना पाहिले आणि आपण आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही कधी चुंबन घेतले नाही, असे सांगितले. तेव्हा जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, या अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. प्रेषित (स.) नमाजात उमामा या चिमुकल्या नातीला खांद्यावर घेत. बाळाचे रडणे कानी आले की आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घेत. अबू उमैर या लहानग्याला त्याच्या पाखराची विचारपूस करीत. बाळाशी बोलणे, त्याला मिठीत घेणे, त्याच्या खेळात रमणे यांमुळे त्याच्या मेंदूची वाढ होते, हे बालमानसशास्त्र आज सांगते.

आपल्याच उत्तर कोकणात ताराबाई मोडक यांनी १९४५ च्या सुमारास बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या व अनुताई वाघ यांनी कोसबाडला ते रुजविले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. पाने, बिया, शंख-शिंपले, माती व गाणी हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. महागडी खेळणी नसलेल्या घराने यातून धीर घ्यावा. डबे, झाकणे व चमचे पुरतात, जवळ बसून बोलणारे माणूस मात्र हवे. जेवताना गप्प बसावे म्हणून बाळाच्या हाती मोबाइल देण्याची सवय मात्र शहर-गाव भेद न करता पसरली आहे. पडदा बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

वडील दूर असताना

आपल्या अनेक कुटुंबांतील वडील आखाती देशांत नोकरीला असतात, तर काही धाटाव, नागोठणे किंवा पनवेल येथे पाळीत काम करतात. घराच्या भल्यासाठीच ते हे कष्ट उपसतात. परंतु पाठविलेला पैसा कोणाच्या हातात पडतो व बाळाच्या आईला अंड्यासाठी किंवा डॉक्टरसाठी कोणाची परवानगी मागावी लागते, हे पाहणे वडिलांचेच काम आहे. हिंद बिन्ते उत्बा (रजि.) यांनी पती पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा आपल्याला व आपल्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे पतीच्या मालातून घेण्याची मुभा प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. आईच्या हातात खर्चाचा अधिकार हवा, हा त्यातील बोध. दूरच्या वडिलांनी फोनवर “बाळ काय करतो?” एवढेच न विचारता “या महिन्यात वजन किती भरले?” हेही विचारावे. आयतीतील परस्पर विचारविनिमय आज फोनवरूनही होऊ शकतो.

तराजू आणि शेजार

वाढ नजरेने मोजता येत नाही. रोज पाहणाऱ्याला खुंटलेले मूल नाजूक वाटते, आजारी वाटत नाही. म्हणून अंगणवाडीत दर महिन्याला वजन करावे व माता-बाल संरक्षण कार्डावरील रेषा वर जाते आहे का, हे पाहावे. रेषा सपाट झाली, तर तोच इशारा समजावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अशा मुलाला विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. नजर लागली म्हणून फुंकर घालावी, दुआ करावी, पण उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण विसरू नये.

मशीद व जमातीनेही आपला वाटा उचलावा. जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी माता व बाळाच्या हक्कांचा विषय यावा. बैतुलमालमधून गरजू गरोदर स्त्रीसाठी अंडी, दूध व डाळ यांची व्यवस्था होऊ शकते. आपला शेजार मोहल्ल्याच्या कमानीशी संपत नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) कठोर शब्द वापरले आहेत. वाडीवरचे कातकरी मूल आपले शेजारी आहे. नफ्ल सदका देताना घेणाऱ्याचा धर्म पाहण्याची अट नाही.

कुटुंबात बसून विचार करण्यासाठी

१. सूरह अल-बकराची २३३ वी आयत अनुवादासह वाचा. तिच्यात वडिलांवर कोणत्या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, त्या मोजा.

२. आपल्या घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री कितव्या पंगतीला जेवते? काल तिच्या ताटात काय होते?

३. घरातील सर्वांत लहान बाळाचे शेवटचे वजन केव्हा केले? मागील तीन महिन्यांत ते किती वाढले?

४. बाळ काल किती वेळा जेवले? त्यात पेज, चहा व बिस्किट वगळल्यास काय उरते?

५. आपल्या गल्लीत अंगणवाडीत नाव नसलेले मूल आहे का? या आठवड्यात त्याची नोंद करण्यास कोण सोबत जाईल?

तुमच्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे व त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, हा प्रेषितांच्या (स.) एका प्रसिद्ध वचनाचा आशय आहे. या कळपातील सर्वांत लहान जीव स्वतःची भूक शब्दांत सांगू शकत नाही. त्याच्या वतीने विचारणारा अल्लाह आहे. तो आपल्या मुलांना आपल्या डोळ्यांचा थंडावा करो आणि त्यांचे हक्क वेळेवर देण्याची सुबुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.